आवाहन : पोहण्याच्या तलावाची मोटार जळाली, या वेळी नवीच घ्यायची आहे

सप्रेम नमस्कार.

आजी-माजी सभासद, पालक आणि तलावावर प्रेम करणाऱ्या सगळ्यांना कळवतो की गेल्या मंगळवारपासून तलाव बंद आहे. पाणी फिरवून गाळणाऱ्या फिल्टरची साडेसात एचपीची मोटार जळाली. ग्रुपवर कुणी लिहिले की पाणी संपले, कुणी लिहिले की कमिटीनेच बंद ठेवला. तसे काही नाही, म्हणून घडले ते सांगतो.

सोमवारी रात्री डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) एक फेज गेला तेव्हा मोटार चालू होती. तीन फेजची मोटार अशा वेळी लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते, करंट वाढतो आणि वाइंडिंग, म्हणजे आत गुंडाळलेली तार, तापत जाते. अशा वेळी मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर आपल्या पॅनलमध्ये होता, पण दिवाळीपासून तो बिघडलेला आणि बायपास केलेला होता. बदलायचे ठरले होते, शिल्लक नव्हती. ही चूक आमची आहे आणि कमिटीच्या वतीने मी ती मान्य करतो.

पहाटे तलावावर काम करणाऱ्या मामांनी स्टार्टर दाबताच फ्यूज उडाला आणि जळका वास आला. मामांनी पुन्हा बटण न दाबता आधी मला उठवले, हे फार बरे केले. पंप अडकला असेल म्हणून मोटारीचा पंखा हाताने फिरवून पाहिला, तर फिरत होता, फक्त पुढच्या बेअरिंगला खरखर होती. मीटरने पाहिले तर तिन्ही फेज पूर्ववत आले होते. मग केबल सोडवून मेगर लावला. वाइंडिंग ते बॉडी शून्य, म्हणजे तारेचे इन्सुलेशन जळून गेले होते. खोलल्यावर दिसले की पंपातले पाणी अडवणारे मेकॅनिकल सील कधीपासून झिरपत होते आणि ते पाणी बेअरिंगमध्ये जाऊन गंज चढला होता. म्हणजे एक दुखणे रात्रीचे, एक जुने.

रिवायंडिंग करून, म्हणजे आतली तार नव्याने भरून, भागवा, असे बरेच जण म्हणतात. ही मोटार दोनदा भरून झाली आहे. जुनी तार काढताना दर वेळी आतले स्टॅम्पिंग (पत्र्यांचा गाभा) तापवावे लागते. ते जास्त तापले की मोटार पहिल्यासारखी राहत नाही, गरम होते आणि बिलही वाढवते. आपले रिवायंडिंगवाले भाऊ स्वतःच म्हणाले, "सर, मी भरून देईन, पण तुमचे पैसे वाया जातील. नवी घ्या." स्वतःचे काम बुडवून खरे सांगणारा माणूस आपल्याला लाभला आहे.

आता घाई कशाची, तर पाण्याची. पंचवीस मीटर लांब, बारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल, म्हणजे ४ लाख ५० हजार लिटर. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली, तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. जवळजवळ तेवढेच पाणी आज आपल्या तलावात उभे आहे. त्या उन्हाळ्यात कुणी सांगायची वाट न पाहता आपण तलाव कोरडा ठेवला होता. लातूरच्या माणसाला हे पाणी सोडून द्या आणि नवे भरा, असे मी सांगू शकत नाही. पण साचलेल्या पाण्यात क्लोरीन सगळीकडे पोचत नाही, उन्हाने ते उडतेही, आणि चार-पाच दिवसांत शेवाळ धरते. सध्या सूर्य मावळल्यावर क्लोरीन टाकून आम्ही पाणी हाताने ढवळतो. एका शेतकरी सभासदाने स्वतःच्या विहिरीवरची तीन एचपीची मोटार काढून आणून दिली आहे. तिच्यावर पाणी थोडे फिरते, पण फिल्टरची वाळू उलट्या प्रवाहाने धुवायला तेवढा जोर पुरत नाही. काठावर उभे राहून तळ स्पष्ट दिसत नाही तोवर एकाही लेकराला पाण्यात उतरवणार नाही.

हा तलाव कुणी उभा केला ते नव्या सभासदांना माहीत असावे. आपल्या पिढीतले बहुतेक जण पाठीला भोपळा नाहीतर डालड्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले, आणि कुणाच्या ना कुणाच्या घरचे पोरगे त्या विहिरीतच गेले. म्हणून हा तलाव झाला. मोंढ्यातल्या त्या आडत्या काकांनी (नाव लिहिलेले त्यांना आवडत नाही) फरशीचा सगळा खर्च उचलला. हमाल बांधवांनी एका रविवारची हजेरी दिली. निवृत्त झालेल्या बाईंनी पहिल्या पेन्शनमधून महिलांच्या बॅचसाठी चेंजिंग रूम बांधून दिली, आणि ज्या बायका काठावर बसायलाही लाजत होत्या त्या आज पूर्ण लांबी पोहतात. इथे शिकलेल्या एका मुलाने परवाच्या पावसाळ्यात शेततळ्यात पडलेल्या दोन भावंडांना बाहेर काढले. त्याची आई पेढे घेऊन आली होती. तो दिवस मी विसरणार नाही.

एक गोष्ट मनात ठेवत नाही. मागच्या वर्षी फिल्टरची वाळू बदलायला ग्रुपवर हाक दिली, तेव्हा दोनशेच्या वर सभासदांतून नऊ जण पुढे आले. बाकीच्यांनी वाचले होते, ते दिसत होते. फार लागले ते.

खर्च : मोटार ३२,०००, सील-बेअरिंग ३,५००, प्रिव्हेंटर व ओव्हरलोडसह नवे स्टार्टर पॅनल ९,५००, बसवणे-अलाइनमेंट-अर्थिंग ३,०००, एकूण ४८,००० रु. जमा ११,५०० (त्यात मामांचे ५००), बाकी ३६,५००. गुढीपाडव्याच्या आत लागतात, कारण परीक्षा संपताच पोहण्याचे शिबिर आहे आणि मोटार आल्यावर बसवून पाणी निवळायला आठवडा जातो. रोख, चेक किंवा ऑफिसच्या भिंतीवरचा क्यूआर. सकाळी ७ ते ९, संध्याकाळी ५ ते ७, पावती लगेच. पैसे जमत नसतील तर रविवारी सकाळी जुनी मोटार उतरवायला चार धट्टेकट्टे हात हवेत, सोबत नट खोलायचे पाने आणा. उतरवल्यावर जळालेली मोटार ऑफिसबाहेर ठेवू, ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन पाहावी.

आपला,
सचिव
(कमिटीच्या वतीने)