छत बंद होण्याआधी डक्टची गळती मोजा

महोदय,

मुंबई-पुण्यातल्या मोठ्या फ्लॅटांत आणि बंगल्यांत डक्टेबल एसी (एकाच यंत्रातली गार हवा छतातल्या नळांनी, म्हणजे डक्टने, सगळ्या खोल्यांत नेणारा) बसवताना एक काम जवळजवळ नेहमीच राहून जाते, ते म्हणजे डक्टची गळती मोजणे. ग्रिलपाशी, म्हणजे हवा बाहेर येणाऱ्या जाळीपाशी, हात धरून 'गार लागतंय' म्हटले की काम संपले असे समजतात. पण गळणारी गार हवा फॉल्स सीलिंगच्या पोकळीत जाते. दमट हवेत तिथे पाणी सुटते आणि जिप्समवर काळे डाग धरतात. रिटर्नच्या, म्हणजे खोलीतली हवा यंत्राकडे परत नेणाऱ्या, बाजूची गळती तर पोकळीतली धूळ आणि उष्ण हवा थेट यंत्रात ओढते.

चाचणी अवघड नाही. आधी यंत्राचा वीजपुरवठा बंद करून फिल्टर काढावा. सगळी ग्रिले फिल्म आणि टेपने बंद करावीत, ताज्या हवेचे तोंडही विसरू नये. मग रिटर्नला मोजमापाचा पंखा जोडून डक्टमधला दाब 25 पास्कलवर, म्हणजे पाण्याच्या अडीच मिलिमीटर स्तंभाइतका, न्यावा. तो दाब टिकवायला पंख्यातून जितकी हवा जाते, तितकी गळती. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संवर्धन संहितेने 2012 च्या आवृत्तीत दर 100 चौरस फुटांना 4 सीएफएमची (मिनिटाला घनफूट हवा) मर्यादा घातली. त्या हिशेबाने 1,200 चौरस फुटांच्या फ्लॅटला 48 सीएफएम. तीन टनांचे यंत्र साधारण 1,200 सीएफएम हवा फिरवते, म्हणजे ही गळती चार टक्के झाली.

आकडा विचित्र आला तर डक्टला दोष देण्याआधी जोडणी पाहावी. पंख्यावर बसवलेली रिंग (पंख्याचे तोंड लहान करणारे कडे) एक आणि मॅनोमीटरमध्ये (दाब मोजणाऱ्या यंत्रात) निवडलेली दुसरी, ही सर्वांत महागात पडणारी चूक. मग सगळेच वाचन खोटे ठरते. पंख्याचा दाब फारच कमी दिसत असेल तर लहान रिंग लावावी. मॅनोमीटरची नळी दुमडली आहे का, तिच्यात पाणी शिरले आहे का, उलट टोकाला जोडली आहे का, हेही पाहावे. खोलीची एक खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर पंखा चालू असताना खोलीतलाच दाब बदलतो आणि वाचन चुकते. यंत्रातल्या गार कॉइलवरचे पाणी वाहून नेणाऱ्या ड्रेनचा यू-ट्रॅप (यू आकाराचे वळण) कोरडा असेल तर हवा तिथूनही निघते. त्यात पाणी ओतावे.

25 पास्कल गाठताच येत नसेल तर बहुधा डक्टची एखादी फ्लेक्सिबल नळी निसटलेली असते किंवा ग्रिलवरची टेप सुटलेली असते. गाठलेल्या दाबावरून अंदाज काढता येतो: 15 पास्कलला मिळालेला प्रवाह 1.36 ने गुणावा. मात्र हा अंदाजच; निकाल म्हणून तो लिहू नये. जागा शोधायला पंख्यासमोर धूर सोडावा (फायर अलार्म आधी कळवून बंद ठेवावा). धूर बहुतेकदा यंत्र आणि प्लेनमच्या (यंत्राला लागून असलेल्या हवेच्या पेटीच्या) सांध्यातून, फ्लँजच्या (डक्टचे तुकडे जोडणाऱ्या कडांच्या) कोपऱ्यांतून आणि ग्रिलच्या बॉक्सभोवती दिसतो.

सांधा बुजवायला कापडी टेप वापरू नये. उष्णतेने तिचा गोंद वाळून ती सुटते. मास्टिक (डक्टचे सांधे बुजवायचा घट्ट लेप) लावावे, आणि पाव इंचाहून मोठी फट असेल तर आधी फायबरग्लासची जाळी बसवून त्यावर मास्टिक.

वास्तुविशारदांना आणि घरमालकांना विनंती, की कार्यादेशात '25 पास्कलला गळती चाचणी, लेखी आकडा, दुरुस्तीनंतर फेरचाचणी' ही अट घालावी आणि तो आकडा हाती येईपर्यंत छताच्या कामाचा हप्ता देऊ नये.

आपला,
एक वातानुकूलन अभियंता, पुणे