मास्तरांची सही बारीक का झाली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन दिन होऊन गेला. आमच्याकडे देवगडात तेव्हा ऐन आंब्याची गडबड, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आला नाही, माझ्याही नाही, आणि माझ्या तर घरातच पेशंट आहे. म्हणून उशिरा का होईना लिहितोय.

बाबा प्राथमिक शिक्षक, रिटायर झाल्यावर बाग बघायचे. अढीजवळ नुसते उभे राहिले तरी आंबा तयार झाला की नाही ते वासावरून सांगायचे, आणि एका वर्षी म्हणाले यंदा आंब्याला वासच नाही. आम्ही फवारणीला दोष दिला. मग झोपेत ओरडायला, लाथा झाडायला लागले, तर आईने देवळात गाऱ्हाणं घातलं. पोट साफ नाही, चेहऱ्यावर हसू नाही, आवाज एवढा बारीक की फोनवर ऐकूच येईना. वाडीने परस्पर ठरवून टाकलं मास्तर आता चिडके झाले, आणि चालताना तोल जायचा म्हणून एकाने तर 'संध्याकाळी घेतात वाटतं' असंही म्हटलं. हात थरथरत नव्हता ना, मग पार्किन्सन कोणाच्या डोक्यात येणार!

शेवटी फोंडा घाट चढून कोल्हापूरला न्यूरॉलॉजिस्टला दाखवलं तेव्हा कळलं की वास जाणं, बद्धकोष्ठ, झोपेतल्या त्या लाथा हे सगळं बाकीच्या लक्षणांच्या कित्येक वर्षं आधी सुरू होऊ शकतं, आणि काही पेशंटचा हात कधी थरथरतच नाही. हालचालींवर ताबा ठेवायला मेंदूला डोपामिन नावाचं रसायन लागतं, ते बनवणाऱ्या पेशी या आजारात कमी होत जातात. साधी रक्ततपासणी करून हे कळत नाही, डॉक्टर चालायला लावतात, बोटं उघडमीट करायला लावतात आणि त्यावरून ओळखतात. ज्यांचं नाव या आजाराला मिळालं त्या लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सननी १८१७ साली सहा माणसांवरून निबंध लिहिला, त्यातली काही तर त्यांनी नुसती रस्त्यात बघितलेली. आम्ही एका घरात राहून बघितलं नाही.

लेव्होडोपा म्हणजे मेंदूत गेल्यावर ज्याचं डोपामिन बनतं ते औषध, त्याच्या गोळीने आजार जात नाही पण माणूस उठून बागेत जातो. गोळी घड्याळ लावून घ्यायची, आणि आमच्याकडे मासे-डाळीच्या जेवणाआधी अर्धा तास, कारण प्रोटीनबरोबर ती नीट लागू पडत नाही. शेजारच्या काकांनी खाजकुयलीचं बी आणून दिलं, त्यात खरंच लेव्होडोपा असतं, पण किती ते कोण मोजणार? डॉक्टरांना न विचारता असले प्रयोग कृपया करू नका. आणि एसटीच्या दारात एखादा म्हातारा पाय चिकटल्यासारखा थांबला तर मागून 'चला चला' ओरडू नका, त्याने तो जास्तच अडकतो. त्याच्या पायापुढे आपलं पाऊल आडवं ठेवा आणि ते ओलांडायला सांगा, आमचे बाबा तरी तेवढ्याने निघतात.

आता खरं दुखणं सांगतो. या आजारात अक्षर बारीक होत जातं. बाबांची सही जुळत नाही म्हणून बँकेने पेन्शनचे पैसे दिले नाहीत, दोनदा परत पाठवलं, वर सगळ्यांसमोर 'आजोबा नीट सही करा की'. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सन आहे हे काउंटरवर कोणाला माहीतच नव्हतं. नंतर म्हणाले अंगठा द्या. नियमात बसतं ते, पण ज्या माणसाने अर्ध्या गावाला सही करायला शिकवली तो अंगठा द्यायला तयार होईना. नवीन नमुना सही घ्या असा अर्ज मी दिलाय, अजून उत्तर नाही. तोपर्यंत बाबा पहिलीच्या पोरांची दुरेघी वही आणून रोज एक पान सह्या करतात, रेघा असल्या की अक्षर जरा मोठं येतं.

आपला,
एक वाचक, देवगड