रॉड न विकणाऱ्या काकांना

मालवणच्या बाजारातल्या काकांस,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या अखेरीस दोन पोरं आणि मोबाइलवरची एक लांबलचक यादी घेऊन तुमच्या दुकानात आलेली डोंबिवलीची बाई आठवतेय का? थोरली आठ वर्षांची, धाकटा सहाचा. दोघांना गरवायला, म्हणजे गरीने (गळाने) मासे धरायला न्यायचं म्हणून मी नेटवर हिशेब करून आले होते. दोन रॉड आणि रीळ साडेतीन हजार, प्लास्टिकचे रंगीत मासे आठशे, वर फिशिंगला नेणाऱ्या होडीचं भाडं. मुलांचंही पूर्ण तिकीट आणि लहान मापाची लाइफ जॅकेटं मात्र नाहीत, असं त्या होडीवाल्याने फोनवर सांगितलं होतं.

तुम्ही यादी वाचली, चष्मा कपाळावर ढकललात आणि म्हणालात, "बाय, पोरांका ह्यो रॉड कित्याक व्हयो? तुटलो तर रडतली, नाय तुटलो तर एकमेकांच्या डोळ्यात घालतली."

माझं माहेर इथलंच, पण आमच्या लहानपणी गरी घेऊन खाडीवर जायचे ते मुलगे. आम्ही घरी बसून त्यांनी आणलेले मासे साफ करायचो. त्यामुळे गरी कशी बांधतात हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. ते तुम्ही न हसता दाखवलंत, याचे आभार आधी.

पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या मागवल्यात आणि त्यांवर तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, गुंडाळून दिलीत. गाठ आवळण्याआधी ती जिभेवर ओली केलीत, कारण कोरडी आवळली तर घासून तापते आणि तंगूस तिथेच कमजोर होते. मग पक्कड घेऊन एकेका गरीच्या टोकामागचा उलटा काटा दाबून सपाट केलात. मासा सुटला तर सुटू दे, पण बोटात घुसली तर ती सरळ मागे निघायला हवी, म्हणालात. शिसं मागितलं तर नाही म्हणालात. या वयात सगळं तोंडात जातं, म्हणून खालच्या डब्यातून गंजके नट काढून तेच वजनाला बांधलेत, आणि त्यांचे पैसे धरलेच नाहीत.

गऱ्या मात्र मी मागितल्या त्यापेक्षा जास्त दिल्यात. "अर्धी गरी दगडांच्या कालवांत जातली," हे तुमचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. लहान मुलांना घेऊन गरवायचं तर पैसा जातो तो असा, दोन-तीन रुपयांनी, सारखा. शिवाय आमिषाला सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, वाटा घ्यायचा. पोरं त्यातली निम्मी गरीला लावतात आणि उरलेल्यांशी खेळतात. मग वडापाव, मग सरबत.

बिल झालं एकशे चाळीस रुपये. वाचलेल्या पैशांतून दोन लहान जॅकेटं घ्यायला तुम्ही मला दुसऱ्या दुकानात पाठवलंत, आणि पायांच्या मधून जाणारा पट्टा असलेलीच घे, नाहीतर पाण्यात पोर खाली राहतं आणि जॅकेट वर येतं, हे बजावलंत. ती जोडी पंधराशेला पडली. काठावर बसायलासुद्धा जॅकेट कशाला, असं घरी सगळे म्हणाले. मी तुमचं नाव पुढे केलं.

होडीचा नाद सोडा, देवबागच्या बाजूला खाडीच्या काठावर बसा, हेही तुमचंच. आणि दिवससुद्धा तुम्हीच काढून दिलात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, थोडी मागेपुढे. सप्तमी म्हणजे सव्वापाचच्या आसपास, ऊनही उतरलेलं. शिवाय सप्तमी-अष्टमीला भांगाचं पाणी, ओढ कमी. "उधाणाक पोरांका घेवन थंय जाव नको," हे तुम्ही ज्या आवाजात सांगितलंत, त्या आवाजात मला बरेच दिवस कुणी काही सांगितलं नव्हतं. कर्ली नदीचं पाणी तिथे समुद्राला मिळतं, अमावास्या-पौर्णिमेला मोठ्या माणसाचे पायसुद्धा सुटतात.

काय मिळालं विचाराल. दोन हातभर... थापा नको, दोन बोटभर काळुंद्रे. ते मुलीने परत सोडले, मुलगा त्यावरून तिच्याशी भांडला. एक केंड लागला आणि बाहेर येताच फुगून चेंडू झाला. दोघं हसून हसून लोळली. त्यांच्या दृष्टीने सगळे पैसे तिथेच वसूल. तो खायचा नसतो हे त्यांना पटवायला मात्र वेळ गेला.

आणि एक शिंगाळा लागला, विषारी काट्यांचा मासा. मुलगा त्याला पकडायला हात पुढे करत होता. तुमचे शब्द डोक्यात होते म्हणून मी आधी त्याचा हात धरला, मग तंगूस कापली. गरी गेली, मासा गेला. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरायचा आणि डॉक्टरकडे जायचं, हेही तुम्ही सांगून ठेवलं होतंत. थर्मासमध्ये गरम पाणी नेलं होतं, त्याचा शेवटी चहा झाला.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहायचं आणखी एक कारण आहे. 1 जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, पुढचे 61 दिवस. म्हणजे मी आले तेव्हा तुमच्याकडे होड्या ओढून घेणाऱ्यांची दोरखंड आणि ताडपत्रीसाठी रांग लागली होती. हजारोंची गिऱ्हाइकं थांबली आणि तुम्ही एकशे चाळीस रुपयांसाठी स्टुलावर बसून गाठी मारत होतात. मागच्या एका खलाशाने कुरकुर केली, तर त्यालाच बाटली धरायला लावलीत.

दिवाळीत येतोय. थोरलीच्या वर्गातल्या दोघींचे आईबाप याच वाटेवर आहेत, त्यांच्याकडे माझ्याहून लांब यादी आहे. त्यांना तुमच्याकडेच पाठवते. तुम्ही त्यांनाही रॉड विकणार नाही, ते मला माहीत आहे. पण दुकान चालायला हवं, म्हणून एक सुचवते: ती पट्ट्यावाली लहान जॅकेटं आता तुम्हीच ठेवा. चार जोड्या माझ्यातर्फे खपल्या समजा. धाकट्याला आता पुढचं माप लागेल.

तुमची,
डोंबिवलीची बाय