विषय: डक्टमधले तीन एसी आणि तळाचा पत्रा (पत्र चौथे)

मा. अध्यक्ष, रहवासी संघ, इंदूर

सा. न. वि. वि.

फ्लॅट 203 च्या तीन एसींची बाहेरची युनिटं आपल्या डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या उभ्या मोकळ्या पोकळीत, आहेत आणि त्यामुळे माझं स्वयंपाकघर तापतं, ही माझी तक्रार. आधीच्या तिन्ही पत्रांना तोंडी उत्तर एकच मिळालं: स्वयंपाकघरात मोठा एक्झॉस्ट लावा. एक्झॉस्ट जेवढी हवा बाहेर टाकेल तेवढीच खिडकीतून आत येणार, आणि ती खिडकीही त्याच डक्टमध्ये उघडते.

एसी खोलीतली उष्णता उपसून बाहेर ओततो. दीड टनाचा एसी सुमारे 5.25 किलोवॉट उष्णता ओढतो. त्याने खाल्लेली दीडेक किलोवॉट वीजही शेवटी उष्णताच होते. 203 ची तीन युनिटं धरली तर 20 किलोवॉट. म्हणजे 2 किलोवॉटचे दहा गिझर 6 बाय 5 फुटांच्या डक्टमध्ये चालू ठेवल्यासारखं आहे.

गरम हवा हलकी, ती वर जाणारच. पण तिची जागा घ्यायला खालून हवा यायला हवी, आणि तिथे, डक्टच्या तळाशी, फ्लॅट 003 ने सामानासाठी पत्रा ठोकलाय. मग युनिटने फेकलेली हवा समोरच्या भिंतीवर आपटते आणि तीच पुन्हा युनिटच्या कॉईलमध्ये (उष्णता बाहेर सोडणाऱ्या नळ्यांच्या जाळीत) ओढली जाते. कॉईल भोवतालच्या हवेपेक्षा गरम असल्याशिवाय उष्णता सोडू शकत नाही. त्यामुळे आतल्या गॅसचा दाब चढतो, बिल चढतं, नौतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) कॉम्प्रेसर ट्रिप होतो. 203 कडे मेकॅनिक सारखा येतो तो यामुळेच. गॅस कमी नसताना वर आणखी भरला तर दाब आणखी वाढेल, हे त्यांना कोणीतरी सांगावं.

नऊ इंची विटांची भिंत दिवसभर तापते आणि रात्री आत उष्णता सोडत राहते. शब-ए-मालवाच्या, म्हणजे माळव्याच्या गार रात्रींसाठी नावाजलेल्या, या शहरात रात्री 11 वाजता माझ्या ओट्यामागच्या भिंतीला आपण एकदा हात लावून पाहावा. 403 आणि 503 यांचंही हेच म्हणणं आहे, फक्त ते लिहीत नाहीत.

डक्ट सामाईक जागा आहे. गॅलरीत कुंड्या ठेवल्या तर संघाची नोटीस दोन दिवसांत येते. 2020 पासून स्टार लेबलचे एसी 24 अंशांवरच सुरू होतील असे बनवायचा नियम आहे, 203 मध्ये मात्र रिमोट 18 वर असतो. 18 ठेवल्याने साध्या (इन्व्हर्टर नसलेल्या) एसीत खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर तेवढा जास्त वेळ चालतो.

पत्रा आठ दिवसांत काढावा. युनिटं मागच्या गल्लीकडच्या भिंतीवर न्यावीत: मागे वीतभर, समोर दीड-दोन मीटर मोकळं. तांब्याची नळी लांबली तर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे जादा गॅस मोजून भरावा आणि दोन्ही नळ्यांना वेगवेगळं इन्सुलेशन घालावं. काम होईल त्या दिवशी मला बोलवा, मी थर्मामीटर घेऊन येतो.

आपला,
फ्लॅट क्र. 303