टँकमधला मासा नदीतून आला की हॅचरीतून?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्टी लागली की बडोद्यात फिश टँकची खरेदी वाढते. नेमक्या याच दिवसांत 'मिस केरला' आणि झेब्रा लोच विकत घेणे सर्वांत वाईट. हे दोन्ही मासे सह्याद्रीतल्या नद्यांचे आहेत, जगात दुसरीकडे कुठेही नैसर्गिकरीत्या सापडत नाहीत आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत दोघेही 'संकटग्रस्त' आहेत. २००५ ते २०१२ या काळात धोक्यात असलेल्या ३० जातींचे १५ लाखांहून अधिक गोड्या पाण्यातले मासे भारतातून निर्यात झाले. त्यात मोठा वाटा झेब्रा लोच, मिस केरला आणि केरळातला इवलासा पी पफर यांचा होता. देशातल्या दुकानांत खपणारे मासे या आकड्यात धरलेलेच नाहीत.

मिस केरला थव्याने राहतो. नदीतल्या एका डोहात जाळे टाकले की अख्खा थवा हाती लागतो, आणि पुढच्या पिढीसाठी त्या डोहात फारसे काही उरत नाही. केरळ सरकारने २००८ मध्ये जून, जुलै आणि ऑक्टोबर हे तीन महिने पकडबंदी घातली. मात्र अभ्यासकांना या माशाचा विणीचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च असा आढळला. म्हणजे नोव्हेंबरपासून, ऐन विणीत, जाळी मोकळीच. वाळूउपसा, धरणे आणि विष किंवा सुरुंग वापरून होणारी मासेमारी यांची भर वेगळी.

आपला संबंध येतो तो इथे. हा डोंगरी, वाहत्या पाण्याचा मासा आहे. बावीस-चोवीस अंशांचे, प्राणवायूने भरलेले पाणी त्याला मानवते. मे महिन्यात बडोद्यातल्या घरातल्या टँकचे पाणी सहज ३२ अंशांवर जाते. २२ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना तो ७.३ वर येतो. आणि उष्णतेमुळे माशाची गरज मात्र वाढलेली असते. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले की कारण बहुधा हेच. त्यातून दुकानात पाच सेंटिमीटरची 'जोडी' दोन फुटी टँकसाठी दिली जाते. हा मासा पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याला किमान सहांचा थवा, चार फुटी टँक व दोनशे लिटर पाणी लागते. जोडी मेली की नवी जोडी आणली जाते, आणि नदीवरची मागणी अशी दर उन्हाळ्याला वाढते.

ज्यांच्याकडे हे मासे आधीच आहेत त्यांनी टँकचे झाकण काढून वर जाळी बसवावी आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा उपाय लंगडा पडतो. आटलेले पाणी आरओच्या पाण्याने भरावे, बोअरच्या नाही, कारण क्षार टँकमध्येच राहतात आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) चढत जातो. बर्फ थेट टाकू नये. खाणे निम्मे करावे, दर आठवड्याला पाव पाणी बदलावे आणि वीज गेल्यास चालेल असा बॅटरीवरचा एअर पंप घरात ठेवावा.

नवीन खरेदी करताना मासा नदीतला की हॅचरीतला (म्हणजे मत्स्यपैदास केंद्रातला), हे विचारावे. दुकानदाराने सांगितले नाही तरी टँककडे नीट पाहिले की अंदाज येतो. हॅचरीतले मासे एका मापाचे, लहान आणि वर्षभर मिळणारे असतात. नदीतल्या मालात लहानमोठे मिसळलेले असतात, मिशा झिजलेल्या आणि पोटे खपाटीला गेलेली दिसतात. खपाटीला गेलेल्या लोचच्या पोटात पुष्कळदा जंत असतात आणि कितीही खाऊ घातले तरी तो भरत नाही.

नदीतून पकडलेला प्रत्येक मासा वर्ज्य, असे आम्ही म्हणत नाही. ब्राझीलमध्ये रिओ निग्रोकाठच्या बार्सेलोस भागात कार्डिनल टेट्रा पकडणाऱ्यांचे पोट त्या नदीवर चालते, म्हणून तिथले जंगल राखण्यात त्यांचा स्वार्थ आहे. उलट थायलंडचा रेड टेल ब्लॅक शार्क (नावात शार्क असला तरी टँकमधला छोटा मासा) हॅचऱ्यांत अमाप पैदा होतो, पण नदीत तो नामशेष होण्याच्या टोकाला आहे. हॅचरी असली म्हणजे नदी वाचली, असे होत नाही. बडोद्याच्या उकाड्यात आणि क्षारयुक्त जड पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी उत्तम राहतात आणि घरातच पिल्ले देतात. नवशिक्यांनी त्यांच्यापासून सुरुवात करावी.

शहरातल्या दुकानदारांना आमची विनंती आहे की प्रत्येक टँकवर भावाच्या पाटीशेजारी 'नदीतला' किंवा 'हॅचरीतला' एवढा एक शब्द लिहावा. आणि टँक बंद करायचा झाल्यास मासे दुकानात किंवा दुसऱ्या हौशी माणसाकडे द्यावेत, सूरसागर तलावात किंवा विश्वामित्री नदीत सोडू नयेत. परदेशी सकर मासा भारतातल्या अनेक नद्या-तलावांत ठाण मांडून बसला आहे.

आपले,
काही मत्स्यपालक, दांडिया बाजार, बडोदे