पॅसेजमधल्या दिव्यांबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर असल्या गोष्टी सांगायला गेलं की अर्ध्या राहतात, म्हणून लिहूनच पाठवते. तुमचा पहिला प्रश्न, नेट गेलं तर दिवे बंद पडणार का? नाही. पॅसेजमधल्या एलईडी दिव्यांच्या पट्टीच्या सुरुवातीला जो छोटा डबा आहे त्यात ईएसपी ३२ नावाचा बोर्ड, म्हणजे एक चिमुकला संगणक आहे, आणि कुठला दिवा कधी किती पेटायचा हा सगळा हिशोब तोच करतो. दिवे बदलायला फोनवर जे पान उघडतं तेही त्या बोर्डाच्याच आत आहे. घरातलं वायफाय चालू असलं की पुरे, बाहेरचं इंटरनेट असो वा नसो. त्यावर घातलेला प्रोग्राम डब्ल्यूएलईडी, फुकट मिळणारा आणि ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो असा.

इंटरनेट लागतं ते एकाच कामाला, वेळ विचारायला. बोर्डात सेलवर चालणारं घड्याळ नाही. वीज जाऊन आली की तो आधी नेटवरून वेळ घेतो, मग आपल्या गावाच्या अक्षांश-रेखांशावरून सूर्यास्त कधी ते स्वतःच काढतो आणि त्या वेळेला दिवे लावतो. वीज आली पण नेट आलं नाही, तर पॅसेजचा मंद उजेड आपोआप लागेल. तसं ठरवून ठेवलंय. फक्त रात्री अकराला तो स्वतःहून कमी होणार नाही. डब्यावरचं बटण एकदा दाबलं की बंद, परत दाबलं की चालू. ते दाबून मात्र धरू नका. पाच-सहा सेकंद धरलं तर बोर्ड स्वतःचं वेगळं वायफाय सुरू करतो, आणि दहा-बारा सेकंदांच्या पुढे गेलं की माझ्या सगळ्या सेटिंग पुसून मोकळा होतो.

एवढ्या दिव्यांना एकच डेटाची वायर कशी पुरते, हेही तुम्ही विचारलं होतंत. वर्गात पहिल्या बाकावर प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा देतात, पहिला मुलगा आपली काढून घेतो आणि उरलेला गठ्ठा मागे सरकवतो, तसंच. प्रत्येक दिव्याच्या पोटात एक चिप आहे. ती आलेल्या माहितीतले पहिले २४ बिट (बिट म्हणजे शून्य किंवा एक असा एकेक आकडा) स्वतःला ठेवते, लाल, हिरवा, निळा प्रत्येकी आठ, आणि बाकीचं पुढे पाठवते. एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद लागतात. आपले दिवे १५०, म्हणजे सगळी पट्टी साडेचार मिलिसेकंदांत रंगून होते. डोळ्याला ते कळणं शक्यच नाही. याचा तोटा एवढाच, की मधला एक दिवा बिघडला तर त्याच्या पुढचे सगळे गप्प. कधी अर्धी पट्टी विझली तर अडॅप्टरला दोष देऊ नका. दोष पहिल्या विझलेल्या दिव्यात असतो, नाहीतर त्याच्या अलीकडच्या दिव्यात.

आता विजेचं. पूर्ण पांढऱ्या रंगात एक दिवा साधारण ६० मिलिअँपिअर ओढतो. १५० दिव्यांचे झाले ९ अँपिअर, पाच व्होल्टला ४५ वॅट. एवढं आपल्याला लागतच नाही, म्हणून मी बोर्डाला २ अँपिअरची मर्यादा घातली आहे. पट्टी किती वीज ओढतेय याचा त्याचा अंदाज त्यावर जायला लागला की तोच उजेड कमी करतो. पट्टीला दोन्ही टोकांनी वीज दिली आहे तीही उगीच नाही. एकाच बाजूने दिली तर लांबच्या टोकाला व्होल्टेज पडतं. निळ्या-हिरव्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे ते आधी मान टाकतात आणि पांढरा रंग टोकाला पिवळट, मग लालसर दिसू लागतो. आणखी एक, पट्टी काळी दिसली तरी त्या चिपा थोडी वीज खातच असतात. फार नाही, वॅटच्या आतबाहेर. पण बरेच दिवस घर बंद ठेवणार असाल तर भिंतीवरचा स्विच बंद करून जा.

आई, दिव्यांच्या इफेक्टबद्दलची तुझी तक्रार मान्य. या प्रोग्राममध्ये शंभराच्या वर इफेक्ट आहेत आणि त्यातले निम्मे डोकं उठवणारे. ते धावणारं इंद्रधनुष्य सगळेच जण आधी लावतात, का ते देव जाणे. मी तुमच्यासाठी तीनच प्रीसेट, म्हणजे आधीच जुळवून सेव्ह केलेले उजेड, ठेवले आहेत. पहिला साधा पिवळसर उजेड. दुसरा तुला आवडलेला विस्तवाचा. त्याचं मूळ नाव फायर २०१२, मार्क क्रिग्समन यांनी लिहिलेला. त्यात चित्रफीत वगैरे काही नाही. प्रत्येक दिव्याला उष्णतेचा एक आकडा असतो. तो दर वेळी थोडा कमी होतो, थोडा वर सरकतो, आणि बुडाशी मधूनच एखादी ठिणगी टाकली जाते. आकडा लहान तर काळा, मग लाल, पिवळा, शेवटी पांढरा. एवढ्यावर ती ज्वाळ तयार होते, आणि कधीच तशीच्या तशी परत येत नाही. मला स्वतःला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच.

तिसरा रात्रीचा. उजेड २५५ पैकी २०, निळा पूर्ण शून्य, हिरवा जेमतेम. रात्री उठलीस तर पाऊल कुठे पडतंय ते दिसावं आणि झोपही मोडू नये एवढाच. विझताना तो शेवटी शेवटी टप्प्याटप्प्याने उतरल्यासारखा दिसेल. इतक्या कमी उजेडात पायऱ्याच थोड्या उरतात, बिघाड नव्हे तो.

बाबा, दोन गोष्टी मात्र जपा. अडॅप्टर पाच व्होल्टचाच. घरातल्या बारा व्होल्टच्या अडॅप्टरची पिन त्यात चपखल बसेल आणि पट्टी जळेल. मी डब्यावर लिहून ठेवलंय. आणि राउटर बदललात तर २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय चालू ठेवायला सांगा, ५ वालं या बोर्डाला दिसत नाही. पासवर्ड बदलला तर बोर्ड आपलं वायफाय सुरू करील. फोन त्याला जोडून ४.३.२.१ हा पत्ता टाकायचा, म्हणजे नवा पासवर्ड भरता येतो.

मला इथून तुमचे दिवे लावता-विझवता येणार नाहीत. तशी सोय करता आली असती, पण घरातलं एक दार बाहेरून उघडं ठेवावंसं वाटलं नाही, आणि तुमच्या घरातला उजेड मी का ठरवू? तेव्हा रात्रीचा २० आईला कमी वाटला तर बाबा, तुम्हीच पान उघडून ३० करा आणि त्याच तिसऱ्या प्रीसेटवर सेव्ह करा. सेव्ह केलं नाहीत तर दुसऱ्या रात्री परत २० वर येईल.

तुमची,
मनू