पर्चीच्या खिडकीपासून सुरुवात करा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

स. न. वि. वि.

इंदूरच्या बऱ्याच सरकारी दवाखान्यांत ओपीडीची पर्ची आता कॉम्प्युटरवर निघते. औषधखरेदी आणि साथींचा बंदोबस्त या रोजच्या नोंदींवरून ठरवावा, असे आमचे मत आहे. पण नोंदी आहेत तशाच वापरल्या, तर पैसा भलतीकडे जाईल.

औषधांचेच पाहा. मधुमेहाच्या रुग्णाला मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लिहिली, म्हणजे महिन्याला ६० गोळ्या. साठा संपत आलेला, म्हणून हातावर पडल्या १०. नोंद होते ती दिलेल्या दहाची. पुढची मागणी त्या आकड्यावरून निघाली की गोळ्या आणखी कमी येतात आणि कागदावर मात्र खप घटलेला दिसतो. म्हणून 'लिहिले' आणि 'दिले' असे दोन वेगळे रकाने हवेत. मागणी पहिल्यावरून काढावी; दोहोंतला फरक हा तुटवड्याचा आकडा.

दुसरी गफलत खिडकीवरच होते. रांग दाराबाहेर गेलेली. ऑपरेटर वय विचारून जन्मतारखेत १ जानेवारी टाकतो, मोबाइलच्या जागी दहा वेळा ९, पत्त्यात नुसते 'इंदूर'. तीच बाई पुढच्या महिन्यात आली की तिला नवा नंबर, आणि इंग्रजीत 'देशपांडे'चे स्पेलिंगही नवे. वर्षअखेर एका रुग्णाचे बारा होतात. १४ अंकी आभा क्रमांकाने (रुग्णाचा डिजिटल आरोग्य-ओळख क्रमांक) हे बरेच आवरेल. मात्र तो ऐच्छिक आहे. नसल्यास उपचार अडता कामा नयेत. पत्त्यात वॉर्ड निवडणे सक्तीचे करा. वॉर्ड ८५ आहेत, पण मोहल्ला टाकताच वॉर्ड आपोआप यावा, नाहीतर सगळे पहिल्याच वॉर्डात जमा होतील!

तापाच्या रुग्णापुढे डॉक्टर आर५० हा 'कारण अज्ञात'चा कोड टाकतात. त्यात चूक नाही, रिपोर्ट नंतर येतो. पण डेंग्यूचा रिपोर्ट लॅबच्या रजिस्टरात राहिला, तर पर्ची दुरुस्त कोण करणार? दोन्हींवर एकच नंबर हवा, प्राथमिक आणि अंतिम निदान वेगळे ठेवावे, आणि ताप कधी आला ती तारीख हवीच. डेंग्यूच्या विषाणूचा अंश शोधणारी एनएस१ चाचणी पहिल्या पाचेक दिवसांतच भरवशाची, पुढे त्याविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी आयजीएम; तारखेविना निगेटिव्ह रिपोर्टला अर्थ नाही.

डासांवरच्या फवारणीसाठी निदानाची वाट पाहू नये. वॉर्डनिहाय तापाचे साप्ताहिक आकडे पुरेत, सोबत एकूण ओपीडी आणि सर्व्हर किती तास बंद होता हेही द्यावे. सर्व्हर बंद पडलेला आठवडा आलेखात फार निरोगी दिसतो. खासगीत जाणारे यात नसतातच, तेव्हा यावरून शहरातले मधुमेही मोजू नयेत. त्याला सर्वेक्षणच लागते.

आकडे जाहीर करताना नावे काढणे पुरत नाही. वॉर्ड, वय आणि आजार जुळवून माणूस ओळखता येतो, म्हणून पाचपेक्षा कमी आकडा झाकावा.

आधी दोन दवाखाने घ्या. दरमहा १०० पर्च्या कोणत्याही क्रमाने उचलून कॉम्प्युटरमधल्या नोंदीशी ताडून पाहा, आणि चुकांचा तक्ता त्याच ऑपरेटरला व डॉक्टरांना दाखवा.

आपले,
इंदूरमध्ये आरोग्यनोंदींचे काम करणारे काही जण